शासकीय पीडीएफ स्क्रीन रीडरला का वाचता येत नाही?

आपल्या दृष्टिहीन भावाला शासकीय संकेतस्थळावरील मराठी पीडीएफ ऐकता येत नाही, यात दोष त्याच्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा, आहे का, असे आपण विचारले आहे. बहुधा नाही. ठाण्याच्या कोर्ट नाक्याजवळ मी मराठी टंकलेखन करतो आणि कार्यालयांची कामेही माझ्याकडे येतात, त्यावरून सांगतो.

परिपत्रक संगणकावरच टाइप होते. मग त्याची प्रत काढून सही, शिक्का आणि जावक क्रमांक घेतला जातो आणि तोच कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवला जातो. स्कॅन म्हणजे कागदाचे छायाचित्र. त्यात स्क्रीन रीडरला एकही अक्षर सापडत नाही. वाचता येण्याजोगी मूळ फाईल मात्र त्याच कार्यालयात पडून राहते. तीच चढवावी, असे मी एका ठिकाणी सुचवले, तेव्हा ‘मग शिक्का कुठे दिसणार?’ असे मला विचारण्यात आले. वास्तविक माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 नुसार डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता आहे आणि ती थेट पीडीएफवर करता येते.

दुसरे कारण आमच्या धंद्यातले आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘ठाणे’ दिसते, परंतु फाईलमध्ये बी, के, टिंब, के, एस अशी इंग्रजी चिन्हे असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. मीही कित्येक वर्षे असेच टाइप केले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, टाइप केल्यास ही अडचण राहत नाही. स्क्रीन रीडरला शीर्षके ओळखता यावीत म्हणून त्यांना केवळ ठळक न करता वर्डमधील हेडिंगची शैली द्यावी, एवढे मात्र पाहावे लागते.

परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडता आले नाही तर ते स्कॅन आहे. भलतीच इंग्रजी अक्षरे उमटली तर फॉन्ट जुना आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध होईल, यासाठी उपाययोजना करणे शासनाचे कर्तव्य आहे. संबंधित कार्यालयाकडे अर्ज करताना या कलमाचा उल्लेख करून ‘युनिकोडमधील मूळ फाईल मिळावी’ असे स्पष्ट लिहा. नुसते ‘वाचता येत नाही’ असे लिहिल्यास तोच कागद अधिक ठळक स्कॅन करून पाठवतात, हे मी पाहिले आहे.