अवयव पडत नाहीत आणि सूत्र आठवत नाही, तर वर्गसमीकरण कसं सोडवू?

दहावीत आहेस, अवयव पडले तर गणित सुटतं, नाहीतर ऐनवेळी सूत्र विसरतेस, असं तू लिहिलंस. मी विसरत नव्हतो, तरी गोता खाल्ला. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. कापूस वेचणीत अर्धा वर्ग वावरात असायचा आणि उरलेल्यांकडून सर सूत्र तालात म्हणवून घ्यायचे. पेपरात मी −३ ± √४१ लिहिलं आणि छेदातला ४ फक्त √४१ च्या खाली मांडला. −३ उघड्यावरच राहिला. गेले मार्क.

तेव्हापासून मी सूत्र वापरतच नाही. तेच समीकरण घे: २क्ष² + ३क्ष − ४ = ०. गुणाकार −८ आणि बेरीज ३ अशी जोडी हवी. ८ आणि −१ ची बेरीज ७, ४ आणि −२ ची २. जोडी नाही. जास्त उकरत बसू नको.

४ उजवीकडे ने: २क्ष² + ३क्ष = ४. आता क्ष² च्या सहगुणकाची चौपट, म्हणजे ८, तिनं दोन्ही बाजू गुण: १६क्ष² + २४क्ष = ३२. मूळ मधला सहगुणक ३, त्याचा वर्ग ९ दोन्हीकडे मिळव. डावीकडे (४क्ष + ३)², उजवीकडे ४१. अपूर्णांक कुठंच आला नाही, ही यातली गंमत. ४क्ष + ३ = ±√४१. ३ पलीकडे गेला की सगळ्यालाच ४ नं भागायचं, माझ्यासारखी चूक करायची सोयच नाही. उत्तरं साधारण ०.८५ आणि −२.३५.

ही युक्ती जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात त्यांचं नाव घेऊन ती दिली आहे. आकड्यांच्या जागी अ, ब, क घालून (अक्ष² + बक्ष + क = ०) एकदा करून बघ, विसरलेलं सूत्र आपोआप निघतं. उजवीकडचा ४१ म्हणजेच विवेचक, ब² − ४अक. तो ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत असं लिही आणि पुढच्या गणिताला लाग.

शाब्दिक उदाहरणात एक जपायचं. गोठ्याची लांबी रुंदीपेक्षा ५ फूट जास्त, क्षेत्रफळ १५० चौरस फूट. इथं अवयव पडतात: (क्ष + १५)(क्ष − १०) = ०. रुंदी १० किंवा −१५. मी हे मोठ्यानं वाचत होतो, बाबा ढेप कालवत होते. म्हणाले, "उणे पंधरा फुटाच्या गोठ्यात बैल बांधाचे का बैलाची सावली?"

पेपरात −१५ नुसता खोडू नको. 'रुंदी ऋण नसते' एवढं वाक्य त्याच्यापुढं लिही.