लॅब्राडोरला शिकवायचंय, पण ट्रीट्सचा खर्च झेपत नाही

प्रश्न : आमचा लॅब्राडोर आठ महिन्यांचा आहे, वजन सव्वीस किलो. हाक मारली की येणं आणि पट्टा न ओढता चालणं शिकवतोय. दुकानातल्या ट्रीट्सचं पाकीट दोन-तीन दिवसांत फस्त होतं. ग्लुकोज बिस्किटं सुरू केली तर मित्र म्हणतो, नको देऊ भो, साखर असते. आई माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, त्याचं किबल, म्हणजे पाकिटातलं कोरडं दाणेदार खाणं, तेवढं चालवून घेते. स्वस्तात काय देऊ? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, मित्राचं ऐका, बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, त्याला आवडतं हे खरं पण आवडायचं काय, लॅब्राडोरला चप्पलही आवडते. तुमचं पाकीट संपतंय ते तुकडा मोठा पडतो म्हणून. एवढ्या दांडग्या कुत्र्याला एवढंसं कसं द्यायचं असं आपल्याला वाटतं, त्याला काही वाटत नाही, तो फक्त मिळालं की नाही ते बघतो. वाटाण्याएवढा मऊ तुकडा पुरे, चावत बसला की आपण काय सांगत होतो तेच विसरतो. विकतची ट्रीट असेल तर कात्रीने एकीचे पाच-सहा तुकडे करा.

सगळ्यात स्वस्त ट्रीट तुमच्या घरात आहेच, त्याचं किबल. सकाळी दिवसाचं मोजून घ्या, त्यातलं मूठ-दोन मूठ बाजूला काढा आणि तेच शिकवताना द्या, वेगळा खर्च शून्य आणि वजनही वाढत नाही. नुसतं किबल बघून तोंड फिरवत असेल तर डब्यात पनीरचे दोन-चार तुकडे टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, वास लागला की तेच किबल त्याला भारी वाटतं. घरात, अंगणात एवढ्यावर भागतं. रस्त्यावर बकऱ्या दिसल्यावर मात्र भागत नाही, तिथे पनीरच काढा. गायीच्या दुधाचं घरी फाडलेलं, मीठ न घातलेलं, बारीक तुकडे तव्यावर जरा कोरडे केले की खिशात चिकचिक होत नाही. उकडलेलं रताळं असंच कापून चालतं. कळण्याची भाकरी नुसती असेल तर तिचे कडक तुकडेही चालतात, लोणी-तिखट लावलेली नको. केळी आपल्याकडे ढिगाने, रावेर-यावलची मंडळी तर कुत्र्याला अख्खं केळं देतात, पण १०० ग्रॅमला ९० कॅलरी जवळपास होतात, म्हणून दोन-चार चकत्या बस.

भरीत उरलं म्हणून चाटवू नका. त्यात लसूण आणि कांद्याची पात असते आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलं तरी फरक पडत नाही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेटही नाही. शेंगदाणा बुरशी लागलेला असेल तर लिव्हरवर जातो, तोही सोडा.

हिशोब असा की वरचं खाणं दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपर्यंतच ठेवायचं. पूर्ण वाढलेल्या ३० किलोच्या लॅब्राडोरला दिवसाला साधारण १४०० कॅलरी लागतात, म्हणजे ट्रीट १४० पर्यंत, आणि पनीर ५० ग्रॅम झालं की तेवढ्या झाल्याच. या वयात लठ्ठ होऊ देऊ नका, मोठ्या जातीच्या पिल्लाचे सांधे वजनाने बिघडतात. कोणी 'मोठं कुत्रं आहे, कॅल्शियमची पावडर द्या' म्हटलं तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका, चांगलं किबल असेल तर त्यात कॅल्शियम असतंच, जास्त झालं की वाढत्या हाडांचं नुकसान होतं. आणि एखादी गोष्ट पक्की शिकला की दरवेळी खाऊ नको, मधूनच द्या, मधूनच नुसतं 'शाब्बास'.

प्रश्न : आमचं जर्मन शेफर्ड कलेजीवर जीव टाकतं. भुसावळच्या उन्हात गच्चीवर वाळवून ठेवली तर चालेल का? – एक वाचिका

उत्तर : ताई, ऊन मिळेल पण माश्याही मिळतील, आणि आतून कच्ची राहिली तर जंतू. चिकनची कलेजी आधी पूर्ण उकळा, मीठ-मसाला काही नको, मग बारीक कापून मंद आचेवर तव्यावर कोरडी करा आणि छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका, रोज एकच बाहेर काढायची. कलेजीत व्हिटॅमिन ए फार असतं, म्हणून रोज वाटीभर नाही, अवघड कामापुरते चार-पाच तुकडे. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा पुडीही खराब होते आणि कुत्राही दमतो, म्हणून शिकवणं सकाळी सहाच्या आसपास उरका. पोटभर जेवण मात्र त्याच्या आधी लगेच नको आणि नंतरही थोडं थांबून द्या, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट फुगलंय, ओकायला बघतोय पण काहीच पडत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी तडक डॉक्टर गाठा.