नॅनोकणांची धास्ती आणि देवघरातली उदबत्ती

"सनस्क्रीनमधले नॅनोकण रक्तात जातात का हो?" मी समुपदेशक; तरुण आयांकडून हल्ली हे वरचेवर ऐकते. नॅनोकण म्हणजे 100 नॅनोमीटरहून बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण. स्वच्छतेत 2017 पासून वर्षानुवर्षं पहिल्या येणाऱ्या आमच्या इंदुरात न दिसणाऱ्या कचऱ्याची धास्ती जरा जास्तच असावी!

सुदामानगरच्या एका बाईंनी (ओळख बदलली आहे) सनस्क्रीन, टूथपेस्ट, मुलीच्या खाऊच्या पांढऱ्याशुभ्र गोळ्या, नॅनो-चांदीचे मोजे, सगळं कचरागाडीत घातलं होतं. तरी झोप नव्हतीच.

"ताई, दिमाग फिरलाय माझा. कोणीतरी शंभर टक्के सांगा, धोका आहे की नाही."

"सांगणारा भेटला, तर विश्वास बसेल?"

त्या थांबल्या. "नाही. कंपनीचाच माणूस वाटेल."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीतली. माणसाला घटनेपेक्षा "खात्री हवीच" हा हट्ट जास्त छळतो, असं मानणारी. पण कोरडा धीर देणं मला पटत नाही, म्हणून माहितीही समोर ठेवली. सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइड, टिटॅनियम डायऑक्साइडचे कण धडधाकट कातडीच्या वरच्या मृत थरातच बहुतांशी अडकतात. श्वासावाटे फुप्फुसात गेले तर गोष्ट वेगळी, म्हणून स्प्रे आणि उडणारी पावडर टाळावी. खाण्याला पांढरा रंग देणाऱ्या टिटॅनियम डायऑक्साइडमुळे जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2021 मध्ये म्हटलं आणि 2022 मध्ये तिथं त्यावर बंदी आली. इजा सिद्ध झाली म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून. खाऊच्या गोळ्या टाकल्या, ते ठीकच होतं.

मग सहज विचारलं, "घरात उदबत्ती लावता?"

"दोन्ही वेळा. सासूबाईंचा धूपही असतो."

"त्या धुरात 100 नॅनोमीटरहून बारीक कण ढिगानं असतात. फोडणीच्या धुरातही. आणि ते थेट श्वासात जातात."

त्या बघतच राहिल्या. मग हसू फुटलं. "अगंबाई! त्याची कधी भीतीच नाही वाटली. आजीच्या वेळेपासून आहे ना!"

त्या "आजीच्या वेळेपासून"मध्ये मला सगळं सापडलं. भीती कणाच्या आकाराची नव्हती, नव्या नावाची होती. इतक्या वर्षांच्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते.

अर्थात पुढचा प्रश्न ठरलेला होता. "मग उदबत्तीही बंद करू?"

"नको. खिडकी उघडा. फोडणी देताना एक्झॉस्ट लावा."

त्यांना हे फार किरकोळ वाटलं. पण "आहे की नाही?" ऐवजी "कुठल्या वाटेनं आणि किती?" असं विचारलं की करण्याजोगं काहीतरी हाती लागतं. एप्रिल-मेच्या इंदुरी उन्हात सनस्क्रीनच सोडलं, तर कातडीचं नुकसान ठरलेलं. त्यांनी ते परत आणलं, क्रीमचं. वेष्टनावरचं वाचन दुकानात एकदाच, घरी आल्यावर पुन्हा नाही, असंही ठरलं. पहिल्या आठवड्यात हात शिवशिवले, म्हणाल्या. शिवशिवणारच, तरी डबा उचलायचा नाही. मात्र झोप उडाली असेल, मुलांच्या खाण्याखेळण्यावर पहारा बसला असेल, तर आणखी वाचत बसू नका, समुपदेशकाकडे या. आणि खोकला, दम असेल तर आधी डॉक्टरकडे.