टाच आणि कंबर एकदमच दुखते, एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसतं. ऑपरेशन लागेल का? घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की वय 38, म्हापशात कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून काम, सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावलं टाकवत नाहीत आणि संध्याकाळी कंबर धरते. ऑपरेशनचा विषय आधी बाजूला ठेवा. एक्स-रेत दिसणारं ते टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांतही सापडतं. दुखतो तो बहुतेक वेळा टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला तळपायाचा जाड पट्टा. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, आणि सकाळी सगळं वजन एकदम पडलं की टाचेपाशी ओढ बसते. म्हणून चार पावलं चालल्यावर बरं वाटतं आणि दिवसअखेर पुन्हा ठणका लागतो.

व्यायामाला लागण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी तपासा, कारण टाच आणि कंबर जोडीने दुखण्याचं मूळ कधीकधी एकच असतं.

पहिली, नस. दुखणं कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि टाचेपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, खोकताना कळ जात असेल तर मणक्याकडे बघायला हवं. भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर 10 वेळा उठा, मग दुसऱ्या. एक पाय स्पष्ट कमी पडला तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरी हमखास सुटते, ती म्हणजे मणक्याचा संधिवात. कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असते, हालचालीने मोकळी होते पण विश्रांतीने नाही, उत्तररात्री दुखण्याने जाग येते आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर संधिवाततज्ज्ञ गाठा. सोरायसिस असेल किंवा डोळा लाल होऊन दुखून गेला असेल तर नक्कीच. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

तुमचं वर्णन मात्र उभं राहण्याच्या दुखण्याचं वाटतं. त्यावर सगळ्यात जास्त उपयोगी ताण पलंगावरच द्यायचा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताने तळव्याचा पट्टा तारेसारखा ताठ झालाय का ते चाचपा. 10 पर्यंत मोजा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप जमिनीला पाय लावण्याआधीच. उठून चहा घेऊन मग केला तर निम्मा फायदा गेला.

पोटरी आखडलेली असली की चालताना टाच लवकर उचलली जाते आणि पट्ट्यावर भार वाढतो. भिंतीला हात टेकून मागचा पाय आधी सरळ, मग गुडघ्यात वाकवून, प्रत्येकी 30 सेकंद, तीनदा.

ताण देऊन आराम पडतो, ताकद मात्र पायरीवर येते. पायरीच्या कडेवर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर बोटं चढवा, टाच बाहेर मोकळी, कठड्याला हात. 3 सेकंदांत वर, 2 सेकंद थांबून, 3 सेकंदांत खाली. 12 वेळांच्या तीन खेपा, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर दोन्हींवर सुरू करा. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून वजन वाढवा आणि 10 वेळांच्या चार खेपा करा. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी टाच जास्त धरली तर वजन कमी करा. लोक चुकतात ते दोन ठिकाणी: झटके देत रोज करतात, नाहीतर बरं वाटताच सोडून देतात. किमान तीन महिने धरून चाला.

घरातल्या टाइल्सवर अनवाणी फिरणं बंद. पलंगाजवळच टाचेला थोडी उंची असलेली मऊ चप्पल ठेवा. देवघरापाशी जाड चटई घाला. पावसाळ्यात आपण चार महिने सपाट रबरी चपलांवर काढतो, त्यात चप्पल सुटू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात. मागे पट्टा असलेले सँडल घ्या. हातात धरून पिळल्यावर फडक्यासारखी वळणारी जोडी परत करा. सिलिकॉनची गादी घालाल तर दोन्ही पायांत घाला. एकाच पायात घातली तर उंचीचा फरक कंबर भोगते.

कंबरेसाठी दुकानात गल्ल्याखाली पाट किंवा 10-15 सेंटिमीटरचा ठोकळा ठेवा आणि आलटून पालटून एक पाय त्यावर घ्या. कापडाचा गठ्ठा उचलताना गुडघे आणि कुल्ले वाकवा, गठ्ठा पोटाशी धरा, वळायचं ते पावलांनी. घरी उताणं झोपून कुल्ले 5 सेकंद उचलून धरा, 10 वेळा. मग ओणवं होऊन विरुद्ध हात-पाय 10 सेकंद ताठ, दोन्ही बाजूंनी सहा-सहा वेळा. कंबरेला पट्टा बांधून दिवस काढू नका आणि अंथरुणही धरू नका. रोज 10-10 मिनिटं दोनदा चाला, पण सपाट रस्त्यावर. कळंगुटच्या मऊ वाळूत टाच रुतते आणि ओल्या वाळूला उतार असतो. टाच शांत होईपर्यंत किनारा नको.

तापल्या विटेवर रुईची पानं ठेवून शेकण्याला माझा विरोध नाही, बरं वाटतं. पण मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी असेल तर वीटही नको आणि गोठवलेल्या बाटलीवर पाय फिरवणंही नको, भाजलेलं किंवा गोठलेलं कळतच नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात 26.4 टक्के, देशात सर्वाधिक निघालं होतं, त्यामुळे साखर एकदा तपासून घ्याच. जाणीव ठीक असेल तर बाटली फडक्यात गुंडाळून संध्याकाळी 10 मिनिटं.

लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, जांघेत-बैठकीत बधिरपणा आला, पाऊल उचलेना झालं तर रात्र असली तरी थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर असह्य दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. डॉक्टरांना दाखवा आणि तोवर पायरीचा व्यायाम थांबवा.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण टाचेखालची चरबी झिजण्याचा आणि क्वचित पट्टा फाटण्याचा धोका असतो. तीन महिने वरचं सगळं नेमाने करूनही काहीच फरक पडला नाही, तरच त्याबद्दल हाडांच्या डॉक्टरांशी बोला.