‘लॅटर-डे सेंट्स’ आणि आपले ‘संत’

प्रश्न असा आला आहे : “मॉर्मन लोकांच्या चर्चच्या नावात ‘लॅटर-डे सेंट्स’ असे शब्द आहेत. एका लेखात त्याचे मराठी ‘अर्वाचीन संत’ असे वाचले. ते बरोबर आहे का? आणि मॉर्मन हा ख्रिस्ती धर्माचाच पंथ असेल, तर इतर ख्रिस्ती त्यांना आपले का मानत नाहीत?”

‘अर्वाचीन संत’ चूक. ‘आधुनिक संत’ त्याहून चूक. मराठी वाचकाला ‘अर्वाचीन संत’ म्हटले की गाडगेबाबा आठवतात. मॉर्मनांचे केंद्र असलेल्या अमेरिकेतल्या युटा राज्यात वयाच्या आठव्या वर्षी बाप्तिस्मा झालेले पोरही त्याच्या चर्चच्या भाषेत ‘सेंट’ असते. दोन्हींना एकच शब्द लावला की वाचकाचा समज पहिल्या ओळीतच चुकतो.

या चुकीच्या मुळाशी एक हट्टी गैरसमज आहे, तो आधी काढू. ‘संत’ आणि ‘सेंट’ हे एकाच मुळाचे शब्द, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. व्याख्यानांत सांगतात, छापूनही आणतात. तसे मुळीच नाही. ‘सेंट’ लॅटिन ‘सांक्तुस’वरून आला. त्याचे क्रियापद ‘सांकिरे’, म्हणजे विधीने पवित्र व अनुल्लंघनीय करणे, बंधनकारक ठरवणे. बँकेत कर्ज ‘सँक्शन’ होते तो शब्दही त्यातलाच. आपला ‘संत’ संस्कृत ‘अस्’ धातूचा. ‘सत्’ म्हणजे असणारा, खरा असणारा. त्याचे पुल्लिंगी प्रथमा बहुवचन ‘सन्तः’. कालिदासाकडे ‘सन्तः’ म्हणजे जाणते, विवेकी लोक. पुढे हे बहुवचनच एकवचन होऊन बसले. ‘शान्त’पासून ‘संत’ झाला असे मानणारा एक पक्ष आहे. पालीत दोन्हींचे रूप ‘सन्त’च होते, हा त्यांचा आधार. मला तो पटत नाही. रूप जुळले म्हणून मूळ जुळत नाही, आणि ‘संत-सेंट’वाल्यांची चूकही नेमकी हीच आहे.

आता खरी गंमत. ‘संत’चा युरोपातला सख्खा भाऊ शोधायचा तर तो ‘सेंट’मध्ये नाही, ‘प्रेझेंट’मध्ये आहे. लॅटिन ‘प्राएसेन्स’ म्हणजे समोर असणारा. त्यातला ‘सेन्स’ हा ‘असणे’ या क्रियापदाचे कृदन्त, आपल्या ‘सन्त्’चे अगदी जुळे रूप. ‘अॅबसेंट’मध्येही तोच. शाळेत हजेरीला मुले ‘प्रेझेंट’ म्हणतात तेव्हा ‘संत’चाच नातलग उच्चारतात. म्हणजे ‘संत’ असण्याशी जोडलेला आहे आणि ‘सेंट’ कुणीतरी वेगळे, पवित्र ठरवण्याशी. हे लक्षात घेतले की मॉर्मनांच्या नावाचा अर्थही उलगडतो.

बायबलच्या हिब्रूतील ‘कादोश’ आणि ग्रीकमधील ‘हागिओस’ यांचा गाभा ‘देवासाठी वेगळा काढलेला’ असा आहे. बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत ‘हागिओई’ हे बहुवचन एखाद्या गावच्या सगळ्या विश्वासणाऱ्यांना उद्देशून येते. त्यांत चुकणारे, भांडणारे सगळेच आले. मराठी बायबलने तिथे ‘संत’ घातले नाही, ‘पवित्र जन’ घातले. फार उत्तम निवड. कॅथलिक परंपरेत मात्र ‘सेंट’चा अर्थ आकसत गेला आणि ख्रिस्तसभेने चौकशी करून जाहीर केलेली व्यक्तीच ‘सेंट’ उरली. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये संतपदी जाहीर झाले. तिथे ‘संत’ हा मराठी शब्द चालतो, कारण दोन्हीकडे वंदनीय व्यक्तीच अभिप्रेत आहे.

मॉर्मनांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने घेतला तो अर्थ पौलाचा, कॅथलिकांचा नव्हे. 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याने जी मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन केली तिचे नाव नुसते ‘ख्रिस्ताची मंडळी’ होते. 1834 मध्ये ते ‘लॅटर डे सेंट्सची मंडळी’ झाले आणि 1838 मध्ये दोन्ही जोडून ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे आजचे लांबलचक नाव आले. ‘लॅटर-डे’मध्येही आधुनिकपणा नाही, युगान्त आहे : मराठी बायबलातले ‘शेवटले दिवस’. तेव्हा भाषांतर ‘शेवटल्या दिवसांतील पवित्र जन’ असे करावे. लांब आहे, पण खरे आहे.

या नावातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मॉर्मनांना ‘प्रोटेस्टंटांचा एक पंथ’ म्हणणारे लेख वाचून चीड येते. प्रोटेस्टंट म्हणतात, चर्च बिघडले, ते सुधारू. मॉर्मन म्हणतात, प्रेषितांनंतर चर्चचा अधिकारच लोपला, देवाने तो स्मिथच्या हाती पुन्हा दिला. एकाचा दावा सुधारणेचा, दुसऱ्याचा पुनःस्थापनेचा. म्हणून त्यांच्याकडे आजही प्रेषित आहेत, संदेष्टा आहे, आणि बायबलबरोबर ‘मॉर्मनचा ग्रंथ’ व आणखी दोन ग्रंथ शास्त्र म्हणून आहेत.

उरलेले अर्धे उत्तर ‘एक’ या शब्दात आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एक आहेत, असे मॉर्मन आणि इतर ख्रिस्ती दोघेही म्हणतात. 325 मध्ये निकेया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा, असे ठरवले. त्रैक्याचा, म्हणजे तीन व्यक्ती पण देव एकच या मताचा, पाया तोच, आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, बहुतेक प्रोटेस्टंट तो मानतात. मॉर्मनांना तो मान्य नाही. त्यांच्या लेखी तिघे वेगळ्या व्यक्ती आहेत आणि ‘एक’ म्हणजे एका हेतूचे, एका मनाचे. 1843 च्या स्मिथच्या शिकवणीत तर पित्याला मांसहाडांचे शरीर आहे. मुख्य प्रवाहात देव अशरीरी आहे आणि निर्माता व निर्मित यांच्यातली दरी कधीच बुजत नाही. मॉर्मन मतात माणूस देवाच्याच जातीचा आहे आणि त्याच्यासारखा होऊ शकतो. हा फरक वरवरचा नाही.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या वाक्यातील ‘बारा’ या हिब्रू क्रियापदावरूनही वाद आहे. एप्रिल 1844 मध्ये अमेरिकेतल्या नॉवू या गावच्या प्रवचनात स्मिथ म्हणाला की ‘बारा’ म्हणजे शून्यातून निर्मिणे नव्हे, असलेल्या द्रव्याची रचना करणे. शब्दापुरते पाहिले तर ‘शून्यातून’ हा अर्थ ‘बारा’मध्ये नाही, हे त्याचे बरोबर. पण म्हणून तो नुसत्या ‘रचणे’चा पर्यायही ठरत नाही. बायबलात या क्रियापदाचा मूळ रूपातला कर्ता केवळ देवच असतो, सुतार-गवंडी कधीच नसतात.

बाप्तिस्म्याचेही तेच. पाणी तेच, ‘पिता, पुत्र, पवित्र आत्मा’ हे शब्दही तेच. तरी 2001 मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला, कारण शब्द सारखे असले तरी त्यांतून अभिप्रेत देव सारखा नाही. अनेक प्रोटेस्टंट चर्चांचा बाप्तिस्मा रोम मानते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. मॉर्मनही इतरांचा बाप्तिस्मा मानत नाहीत, पुन्हा देतात.

आता ‘मॉर्मन’. त्यांच्या ग्रंथात ते इतिहास संकलित करणाऱ्या संदेष्ट्याचे नाव आहे, आणि त्याला ते एका प्रदेशावरून मिळाले. तो चर्चचा संस्थापक नव्हे. विरोधकांनी ते ग्रीक ‘मोर्मो’ या बागुलबुवीवरून काढले. 1843 मध्ये स्मिथच्या नावे छापलेल्या पत्रात उलट उत्तर दिले : इंग्रजी ‘मोर’ अधिक इजिप्शियन ‘मोन’, म्हणजे ‘अधिक चांगले’. अर्धा शब्द इंग्रजी आणि अर्धा प्राचीन मिसरी, ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. 2018 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव टाळायला सांगितले. चर्चच्या नावातून प्रभूचे नाव गाळणे हा सैतानाचा विजय, असे ते म्हणाले. विनंती रास्त आहे, कुणालाही त्याच्या पसंतीच्या नावाने हाक मारावी. पण कारण मला पटत नाही. 1834 मध्ये ख्रिस्ताचे नाव गाळणाऱ्या बैठकीचे अध्यक्षपद खुद्द स्मिथकडेच होते.

महाराष्ट्राच्या राज्यफुलपाखराच्या, ब्लू मॉर्मनच्या, नावातही हाच शब्द आहे. त्याच्या जातभाईत, कॉमन मॉर्मनमध्ये, मादीची तीन रूपे असतात. भारतातल्या इंग्रज निरीक्षकांना एका नराभोवती तीन तऱ्हेच्या माद्या दिसल्या आणि युटातले बहुपत्नीत्व आठवले, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. ते मला पटते. चर्चने ती प्रथा 1890 मध्ये सोडली, नाव पंखांवर राहिले. मराठीत ‘नीलवंत’ हे सुरेख नाव आहे, तेच वापरावे.

लिहिताना ‘लॅटर-डे सेंट्स चर्च’ असे मूळ नाव ठेवा, अर्थ द्यायचा तर ‘शेवटल्या दिवसांतील पवित्र जन’ द्या. आणि ‘ख्रिस्ती’ म्हणायला हरकत नाही, फक्त ‘निकेयाचे त्रैक्य न मानणारे’ हे शब्द पुढे जोडा.