पीपीएफ मोडू की सोनं गहाण ठेवू?

प्रश्न : मी 52 वर्षांचा, पुण्यात खासगी नोकरी. दोन वर्षांपूर्वी मुळशीत 14 प्लॉटच्या स्कीममध्ये 5 गुंठे 11 लाखांना घेतले. नोटरी केलेलं साठेखत आहे. आता एजंट एनए (बिगरशेती परवानगी) आणि रस्त्यासाठी 4 लाख मागतोय. सहा महिन्यांत भाव दुप्पट होईल म्हणतो. पैसे पीपीएफमधून काढू की सोनेतारण घेऊ? आमची शेती कुठेच नाही.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथेच अडलो.

आधी तुमचा प्रश्न. 4 लाखांच्या सोनेतारणाला 10 टक्क्यांनी वर्षाला 40 हजार व्याज. तेच 4 लाख पीपीएफमध्ये 7.1 टक्क्यांनी दहा वर्षांत जवळपास दुप्पट. दोन्हींना हात लावू नका.

कारण एनए कुणाच्या जमिनीचं करताय? साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार, आणि तुमचा तर नोंदवलेलाही नाही. नोटरीच्या शिक्क्याने जमीन नावावर होत नाही. सातबारा काढा, तिथे मूळ शेतकरीच दिसेल. म्हणजे त्याच्या जमिनीचा भाव तुम्ही पदरच्या 4 लाखांनी वाढवून देणार.

खरेदीखत का झालं नाही, हे एजंटला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. शेतकरी नसलेल्याला, म्हणजे तुमच्यासारख्याला, कूळकायद्याच्या कलम 63 नुसार परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यात तुमचे 5 गुंठे; प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बागायतीला 10 गुंठे, जिरायतीला 20. ‘तुकडेबंदी (लहान तुकडे विकायची ही मनाई) उठली’ असं तो सांगेलच. ती सवलत झोन (आराखड्यात जमीन रहिवासी की शेती) बघून आहे, सरसकट नाही. म्हणून झोन दाखला स्वतः काढा. एजंटच्या मोबाइलमधला नकाशा चालणार नाही.

रहिवासी झोन निघाला तर मालकाने स्वखर्चाने लेआउट मंजूर करावा, एनए करावं आणि मग नोंदणीकृत खरेदीखत द्यावं. शेती झोन निघाला तर सहा महिन्यांचा वायदा विसरा. 14 प्लॉट पाडून विकायला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तो नंबर मागून बघा, फोनवरचा सूर बदलेल.

घाई आहे ती वेगळ्याच गोष्टीची. खरेदीखत करून घ्यायला किंवा पैसे परत मिळवायला कोर्टात जायचं, तर अशा दाव्यांना साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती कधीपासून मोजायची यावरच पुढे वाद होतात. तुमची दोन वर्षं गेलीत. याच आठवड्यात दिवाणी वकील गाठा, साठेखत आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन. 11 पैकी किती लाख चेकने दिले, ते तुम्ही लिहिलेलं नाही. वकील पहिलं तेच विचारेल.