घामाने निथळणारी घोडी पाणी का पीत नाही?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्याजवळच्या एका क्लबमध्ये घोडेस्वारी शिकताना तुम्ही पाहिले की तासभर दौडून आलेल्या घोडीला मोतद्दार लगेच पाणी दाखवत नाहीत आणि "अंग गार होऊ द्या, नाहीतर पोटशूळ उठेल" असे सांगतात. त्यात तथ्य किती, हा पहिला प्रश्न. अर्ध्या तासाने बादली पुढे ठेवली तरी ती चार घोट घेऊन तोंड का फिरवते, हा दुसरा. आणि रक्त तपासायला आलेल्या डॉक्टरांनी भल्या पहाटे, चंदी घालण्याआधी, घोडीला ठाणावरून हलवू न देता नमुना का घेतला, हा तिसरा. मी पशुवैद्यक महाविद्यालयात बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे. तिन्ही प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, ते ठिकाण म्हणजे घोड्याच्या अंगातल्या पाण्याचा आणि मिठाचा हिशेब, असे मला वाटते. म्हणून सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून, म्हणजे घामापासून करतो.

माणसाचा घाम रक्ताच्या मानाने बराच अळणी असतो. घर्मग्रंथीत तयार झालेला द्रव नळीतून त्वचेवर येईपर्यंत त्यातले बरेचसे मीठ शरीर परत ओढून घेते, त्यामुळे लिटरभर घामामागे आपले साधारण दोन-तीन ग्रॅम क्षारच खर्ची पडतात. घोड्याकडे ही काटकसर नाही. त्याच्या घामात सोडियम जवळजवळ रक्तद्रवाइतके, क्लोराइड त्याहून जास्त आणि पोटॅशियम तर रक्तद्रवाच्या कितीतरी पट असते. लिटरमागे हा खर्च नऊ-दहा ग्रॅमच्या घरात जातो. साडेचारशे-पाचशे किलोंचा घोडा उष्ण हवेत जोराची मेहनत करत असेल तर तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतो, म्हणजे एका तासात 100 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक क्षार अंगावरून वाहून जातात. खोगीर उतरवल्यानंतर काही वेळाने घोडीच्या पाठीवर, खोगिराच्या कडेने, पांढरी खरखरीत रेघ वाळलेली दिसते. तिच्यावरून बोट फिरवून जिभेला लावून पाहा, हा हिशेब कागदाशिवाय समजेल.

मानेवर लगाम घासतो तिथे आणि मागच्या मांड्यांच्या मध्ये जो साबणासारखा फेस येतो, त्याबद्दलही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचे एक प्रथिन असते आणि ते खरोखरच साबणाचे काम करते. घोड्याचे केस तेलकट असतात, त्यांवर नुसते पाणी थेंबाथेंबाने घरंगळून जाईल. लॅथेरिनमुळे घाम केसांच्या टोकापर्यंत पसरतो आणि तिथून त्याची वाफ होते. स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेपैकी सुमारे पाऊण भाग, किंबहुना थोडा अधिकच, उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि ती घालवायला घोड्याला ही वाफच हवी असते. हवा दमट असली की घाम वाफ न होता नुसता खाली टपकतो, पाणी आणि मीठ दोन्ही फुकट जातात आणि अंग मात्र तापलेलेच राहते.

आता तहान. केंब्रिजच्या ई. बी. व्हर्नी यांनी कुत्र्यांवर केलेल्या आणि 1947 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत किंचित खारट द्रावण सोडले की कुत्र्याची लघवी आटते. म्हणजे रक्त किती दाट झाले आहे हे मोजणारी काही यंत्रणा मेंदूतच आहे आणि ती मूत्ररोधक संप्रेरक, म्हणजे व्हॅसोप्रेसिन, सोडण्याचा हुकूम देते. पुढे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोमला बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागात, खाऱ्या द्रावणाचा अगदी सूक्ष्म थेंब सोडला, आणि आधी पोटभर पाणी प्यालेल्या शेळ्याही मिनिटभरात बादलीकडे धावून लिटरच्या लिटर पाणी पिऊ लागल्या. वर्गात हा प्रयोग सांगितला की विद्यार्थी हसत. पण तहान ही घशाच्या कोरडेपणापेक्षा रक्ताच्या दाटपणावर चालते, हे त्या शेळ्यांइतके स्पष्ट करून सांगणारे दुसरे उदाहरण मला सापडले नाही. रक्ताची ही घनता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी तहानेला तेवढे पुरते.

तुमच्या घोडीची अडचण इथेच आहे. आपल्याला घाम येतो तेव्हा पाणी जास्त जाते आणि मीठ कमी, त्यामुळे उरलेले रक्त दाट होते आणि आपण पाण्यासाठी कासावीस होतो. घोडीचे मात्र पाणी आणि मीठ हातात हात घालून जातात. अंगातले दहा-पंधरा लिटर पाणी कमी झालेले असते, पण उरलेल्या पाण्याची चव, म्हणा ना, पूर्वीसारखीच असते. मेंदूतल्या मोजणाऱ्या पेशींना फारसे काही बिघडल्याचे कळतच नाही. रक्ताचे एकूण आकारमान घटल्याचा वेगळा इशारा शरीराकडे आहे, मूत्रपिंडातून रेनिन सुटते, त्याच्या साखळीतून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरोन ही मीठ-पाणी राखून धरणारी संप्रेरके वाढतात, पण तहान लावण्याच्या बाबतीत हा इशारा मंद असतो. त्यातच घोडीने साध्या पाण्याचे चार घोट घेतले की रक्त थोडे पातळ होते आणि जी काही तहान होती तीही मावळते. ती तोंड फिरवते ते नखरे म्हणून नव्हे. तिच्या मेंदूच्या हिशेबाने पाणी पुरेसे झालेले असते, तूट भरून निघालेली नसली तरी.

यावर मिशिगन स्टेट विद्यापीठात हॅल शॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले ते मला फार आवडते, कारण कल्पना अगदी घरगुती आहे. पाणी कमी झालेल्या घोड्यांना त्यांनी पहिली बादली साध्या पाण्याऐवजी रक्ताइतक्याच खारटपणाची, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलेली दिली आणि नंतर साधे पाणी मोकळे ठेवले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अशा घोड्यांनी घटलेले वजन नुसते साधे पाणी पिणाऱ्यांपेक्षा अधिक भरून काढले. खारे पाणी रक्त पातळ करत नाही, त्यामुळे तहान लवकर विझत नाही आणि गेलेले मीठही परत येते. त्यांच्याच पुढच्या कामात पाण्याचे तापमानही तपासले गेले आणि कोमट किंवा फार गार पाण्यापेक्षा साधारण 20 अंश सेल्सिअसचे, म्हणजे आपल्याकडच्या माठातल्या पाण्यासारखे पाणी बरे पडले. हे घरी करून पाहायचे असेल तर दोन सूचना. 20 लिटरच्या बादलीला 180 ग्रॅम मीठ लागते, ते अंदाजाने मुठीने टाकू नये, आणि खाऱ्या बादलीशेजारी साध्या पाण्याची बादली नेहमी असावी. दुसरे म्हणजे घोड्याला खाऱ्या पाण्याची सवय आधी, दौड नसलेल्या दिवशी लावावी लागते. थकून आलेल्या घोडीपुढे एकदम अनोळखी चवीची बादली ठेवली तर ती नाक फेंदारून मागे सरते आणि मग साध्या बादलीवरही संशय घेते.

आता मोतद्दारांचा नियम. मला त्याची टिंगल करायची नाही, कारण त्यात एक खरा दाणा आहे. अतिश्रमाने पूर्ण गळून गेलेल्या घोड्याचे आतडे काही वेळ थंडावते, कुशीला कान लावला तर नेहमीची गुरगुर ऐकू येत नाही, आणि अशा घोड्याच्या पोटात काहीही साचत गेले तर धोका असतो, कारण घोड्याला उलटी होत नाही. असा घोडा डॉक्टरांचा रुग्ण असतो, त्याच्यावर बादलीचे प्रयोग करू नयेत. पण तासभर दौडून आलेली, कान टवकारून उभी असलेली, नाडी झपाट्याने खाली येत असलेली घोडी त्या अवस्थेत नसते. तिला पाणी नाकारल्याने पोटशूळ टळतो असे दाखवणारा पुरावा नाही. उलट दौड नुकतीच संपलेली असते तेव्हा स्नायूंनी रक्तातले पाणी ओढून घेतलेले असते, रक्त त्यातल्या त्यात दाट असते आणि जी थोडीफार तहान तिला लागायची ती त्याच वेळी लागते. अर्धा तास थांबलात की ती वेळ निघून जाते. लांब पल्ल्याच्या, 160 किलोमीटरपर्यंतच्या शर्यतींत घोड्यांना वाटेत प्रत्येक पाणवठ्यावर, अंग तापलेले असतानाच, पाणी पिऊ देतात.

गार पाणी अंगावर ओतण्याबद्दलही असाच धाक होता की तापलेले स्नायू आखडतील. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उन्हात घोड्यांचे फार हाल झाले, आणि पुढचे ऑलिंपिक तर अटलांटाच्या दमट उन्हाळ्यात होते. त्यामुळे मधल्या चार वर्षांत इंग्लंडमधील न्यूमार्केट, कॅनडातील ग्वेल्फ अशा ठिकाणी घोड्यांना ट्रेडमिलवर, उष्ण आणि दमट खोल्यांत पळवून बरेच संशोधन झाले. गार पाण्याने स्नायू आखडत नाहीत, अंग मात्र लवकर निवते, असे त्यातून निघाले, आणि 1996 साली अटलांटाला घोड्यांवर बर्फाळ पाणी ओतणारी पथके आणि पाण्याचे तुषार उडवणारे पंखे मैदानात होते. तेव्हा मोतद्दारांशी वाद घालू नका. घोडी आल्याबरोबर एक बादली पुढे करा, ती पिते तेव्हा प्रत्येक घोटासरशी तिचे कान मागेपुढे हलतात ते त्यांच्यासोबत मोजा, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाने पाजून पुन्हा मोजा. घोड्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला कानांची ही मोजणी माझ्या व्याख्यानापेक्षा लवकर पटेल.

राहिला पहाटेच्या नमुन्याचा प्रश्न. डॉक्टरांनी केले ते अगदी योग्य होते आणि त्याला तीन कारणे आहेत. घोड्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, ही तांबड्या पेशींची कोठी असते. घोडा पळाला, इतकेच काय नुसता बुजला, तरी ती आकुंचन पावून कित्येक लिटर पेशींनी गच्च भरलेले रक्त बाहेर ढकलते. विश्रांतीच्या वेळी रक्तात पेशींचे प्रमाण 35-40 टक्के असेल तर जोराच्या दौडीत ते 60 टक्क्यांच्या पुढे जाते. ठाणावरून हलवलेल्या, दचकलेल्या घोडीचे रक्त तपासून तिला पाणी कमी पडते आहे की नाही हे सांगणे म्हणून अवघड होते.

दुसरे कारण कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक. घोड्यात ते सकाळी चढते आणि संध्याकाळी उतरते, पण ही लय फार नाजूक असते. न्यूझीलंडमधील अर्व्हाइन आणि अलेक्झांडर यांनी 1994 साली दाखवले की घोड्याला सवयीच्या जागेवरून नुसते दुसरीकडे नेले तरी ही दैनंदिन लय पुसली जाते. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका घोडीचे दिवसभराचे नमुने घ्यायचे होते, आणि सोय म्हणून आम्ही तिला आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेजवळच्या ठाणात आणून बांधले. आलेख हाती आला तो सपाट. घोडी निरोगी होती, चंदी खात होती, पण रात्रभर तिने शेजारची घोडी शोधत दाराच्या कडीकडे मान लावून ठेवली होती, हे राखणदाराने नंतर सांगितले. तो महिनाभराचा प्रयोग आम्हाला पुन्हा करावा लागला. शिवाय एसीटीएच हे कॉर्टिसॉलला चालना देणारे संप्रेरक ऋतूप्रमाणेही बदलते, निरोगी घोड्यातही दिवस लहान होऊ लागले की ते वाढते, म्हणून अशा अहवालावर नमुन्याच्या वेळेबरोबर महिनाही लिहिलेला असावा लागतो.

तिसरे कारण चंदी, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दिवसातून दोनदा भरपूर दाणा-वैरण खाणाऱ्या घोड्यात प्रत्येक खाण्यानंतर लाळ आणि पाचक रस यांच्या रूपाने रक्तातले बरेच पाणी आतड्यात उतरते. तासाभरात रक्तद्रव घटतो, रेनिन वाढते आणि पाठोपाठ अल्डोस्टेरोन. तेच अन्न थोडे थोडे करून दिवसभर घातले तर ही भरती-ओहोटी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे अल्डोस्टेरोनची जी दैनंदिन लय म्हणून आपण कागदावर काढतो, तिचा बराचसा भाग तबेल्याच्या घड्याळाने, चंदीच्या वेळेने, घडवलेला असतो. कुरणात दिवसभर चरणाऱ्या जनावराचे आतडे हे पाण्याची आणि क्षारांची मोठी टाकी असते आणि लांबच्या दौडीत घोडा तिच्यातूनच उचल घेतो, म्हणून स्वारीआधी थोडी वैरण खाल्लेली घोडी उपाशी घोडीपेक्षा बरी. पेंडीदाण्याचा भरलेला तोबरा मात्र स्वारीच्या तोंडावर लावू नये.

तुमच्या घोडीचा अहवाल आला की पेशींचे प्रमाण आणि एकूण प्रथिने हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा: दोन्ही वाढलेले असतील तर पाणी कमी पडते आहे असे समजायला जागा आहे, नुसत्या पेशी वाढलेल्या असतील तर बहुधा सुई पाहून पानथरीने आपले काम केलेले असते. नमुना किती वाजता घेतला आणि आदली चंदी कधी झाली होती, हे कागदावर नसेल तर डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या; महिन्याभराने पुन्हा रक्त काढाल तेव्हा त्याच वेळी काढता येईल.